तीन आकडे आणि एक हो

आईच्यान सांगते, ह्यातलं एक अक्षर खोटं नाही. खिडकी उघडून सांगते, गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकावं. माझ्याबद्दल लोक काहीबाही बोलतात. शालन मगदूमला दोन शेळ्या दिसल्या की सांगेपर्यंत त्यांचा कळप होतो म्हणतात. होतो कधीकधी, नाही कोण म्हणतंय? पण ह्या गोष्टीत शेळी म्हणजे शेळी. सगळं मोजूनमापून सांगणार आहे, कारण ही गोष्टच मापाची आहे.

आमचे मालक, रावसाहेब मगदूम. इचलकरंजीत पस्तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होते. जॉबर म्हणजे माग अडला की ज्याला हाक मारतात तो. मोटरीवर नुसता उलटा हात टेकवायचे आणि सांगायचे, "आज चालंल, उद्या जळंल." आणि जळायची. मालकांचा हात म्हणजे थर्मामीटर, असं शेडात म्हणायचे.

अडीच वर्षांमागं त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. डोकं शाबूत, डोळ्यांत सगळं दिसायचं, तोंडातून मात्र नुसतं "अं... अं..." सरकारी योजनेत नंबर लागला आणि गेल्या वर्षी घरात बोलपेटी आली.

आता ही बोलपेटी काय, ते सांगते. माणूस बोलायच्या आधी मेंदू जिभेला आणि गळ्याला हुकूम पाठवतो. झटक्यात मधली वायर तुटते, पण हुकूम निघायचे काही थांबत नाहीत. गळ्यावर एक पातळ पट्टी असते, कानामागं एक टिकली. त्या दोघी हे अर्धेमुर्धे हुकूम पकडतात आणि छातीवर लटकवलेल्या काड्यापेटीएवढ्या डबीत पाठवतात. डबीत प्रोसेसर. तो अंदाज बांधून वाक्य जुळवतो आणि माणसाच्या स्वतःच्या जुन्या आवाजात बोलतो. मालकांचा आवाज फोनमधल्या जुन्या रेकॉर्डिंगवरून काढला होता. त्यात निम्मा वेळ ते कुणावर तरी ओरडत होते, त्यामुळं "चहा दे" सुद्धा भांडण काढल्यासारखं यायचं. मला तेही गोड लागलं. दीड वर्षानं आवाज आला होता घरात.

फक्त उशिरा यायचा. आधी मी गोष्ट सांगायला लागले की हे मध्येच तोडायचे, "सात नव्हते, दोन होते." आता मी सात म्हणायचे, गोष्ट संपायची, चहा व्हायचा, पाहुणा चपला घालायचा, आणि मग पेटी बोलायची, "दोन होते." पाहुणा घाबरून मागं बघायचा.

उशीर का, तर ताप. एवढ्याशा डबीत पंखा कुठला बसणार? प्रोसेसर ऐंशी डिग्रीच्या वर गेला की मुद्दाम सावकाश चालतो आणि शंभराला स्वतःच बंद पडतो. मग पाऊण तास माणूस मुका. एकदा पेटीवर मी उडदाचा पापड भाजून खाल्लाय. हसू नका, खाल्लाय.

म्हणून ताप बघायला फोनवर ॲप घ्यायचं. आणि इथनंच घोळ सुरू झाला, कारण आमच्याकडं ॲप झाली तीन.

पहिलं ‘शीतल’. पेटीच्या कंपनीचं. निळं, गोजिरवाणं, कधी बघा तर पन्नास-पंचावन्न. दुसरं ‘चटका’. ते आमच्या गल्लीतल्या मुल्ला सरांनी स्वतः बनवलेलं. सर पॉलिटेक्निकला शिकवायचे, निवृत्त झाल्यावर लोक गुलाब लावतात तसे ते ॲप लावत बसायचे. चटका कायम नव्वदच्या आसपास. आणि तिसरं ‘अंदाज’. ते लेकीनं, तेजस्विनीनं, सांगलीहून येताना आपल्या फोनवर आणलं. त्यात आकडा असतोच, शिवाय एक चेहरा असतो. हिरवा हसणारा नाहीतर लाल रडका.

एका दुपारी तिन्ही एकदम लावून बघितली. शीतल म्हणालं चौपन्न. चटका म्हणालं अठ्ठ्याऐंशी. अंदाज म्हणालं एकोणसत्तर आणि पिवळा चेहरा, धड हसणारा नाही, धड रडका नाही.

"एकाच माणसाला तीन डॉक्टर दाखवल्यासारखं झालं," मी म्हटलं.

मुल्ला सरांना बोलावलं. ते मालकांच्या समोर बसले, पेटीला नमस्कार केल्यासारखं वाकून बघितलं.

"वहिनी, तुमची कढई आठवा. मधलं तेल उकळतं, पण कडेला हात लावला तर नुसती कोमट. प्रोसेसरमध्ये आठ ठिकाणी ताप मोजायचे ठिपके आहेत. शीतल आठांची सरासरी काढतं, तीही गेल्या एका मिनिटाची. म्हणून ते गार दिसतं. माझं चटका आठांतला सगळ्यात गरम ठिपका दाखवतं, ह्या क्षणाचा. आणि अंदाज आत डोकावतच नाही. डबीचा वरचा पत्रा किती गरम, खोली किती गरम, बॅटरी किती खाल्ली, ह्यावरून ठोकून देतं."

"मग खरं कुठलं?"

"तिन्ही."

"सर, असं कसं तिन्ही?"

"वहिनी, तिन्ही," सर म्हणाले आणि चहा प्यायले. मास्तर माणूस असाच. आपल्याला समजलं नाही की त्याला बरं वाटतं.

मी आपला शेडातला उपाय केला. उन्हाळ्यात मोटार तापली की आम्ही तिच्यावर ओलं पोतं टाकायचो. पेटीला ओलं फडकं गुंडाळलं. अंदाज लगेच हिरवं होऊन हसायला लागलं. चटका मात्र त्र्याण्णव! वरून गार, आतनं भाजणी. मालक फडक्यातून म्हणाले, "शालन... पेटीला... सर्दी होईल." वाक्य यायला चार मिनिटं लागली, तोवर मी फडकं दोनदा पिळून घातलं होतं.

आता पुढचं ऐका. दोन दिवसांनी तेजस्विनीसाठी मी आमटी केली. तिनं विचारलं, "आण्णा, आमटी कशी झालीय?"

"चांगली."

एवढा एकच शब्द, आणि चटका एक्क्याण्णववर! तेजस्विनीनं आमटी चाखली आणि डोळे मोठे केले. मी मीठ दोनदा घातलं होतं.

"आई! आण्णा खोटं बोलले की पेटी तापते!"

लगेच मुल्ला सरांकडं पळाली. सर म्हणाले, पेटी एक वाक्य बोलते, पण त्याआधी वीस वाक्यं जुळवून टाकून देते. मेंदूतून एकच हुकूम आला तर काम सोपं. दोन एकदम आले, एक बोलायचा आणि एक गिळायचा, की पेटीला दोन्ही सोडवत बसावं लागतं. तेवढी ती तापते.

"म्हणजे खोटंच की!"

"मी असं म्हटलेलं नाही हं," सर म्हणाले. पण ती तोवर दाराबाहेर होती.

मग काय, आमच्या घराची चौकी झाली. मी विचारायचे, "अहो, माझ्या बहिणीचं तोंड तुम्हाला आवडतं का?" "चांगली आहे." सत्त्याऐंशी! मी हसून हसून लोळायचे. "मी म्हातारी दिसते का?" "नाही." पंच्याण्णव! शेजारच्या लीलाक्का तर जत्रेतलं यंत्र बघायला यावं तशा आपल्या सुनेला घेऊन आल्या. मालक बिचारे सगळ्यांकडं बघून हसायचे. आधी हसायचे. नंतर नंतर हसू कमी झालं, ते माझ्या ध्यानात आलं नाही. माझं ध्यान आकड्यावर होतं ना.

आणि सोमवारी मिरजेच्या दवाखान्यातून फोन आला. मालकांचा नंबर लागला होता.

नवीन ऑपरेशन होतं. छातीवरची पेटी काढून टाकायची आणि तांदळाएवढा प्रोसेसर कानामागं, कातडीखाली बसवायचा. तिथं रक्त सारखं फिरत असतं, गाडीत रेडिएटरचं पाणी फिरतं तसं, म्हणून तो तापतच नाही. माणूस आपल्यासारखा झटपट बोलतो. मध्येच तोडूसुद्धा शकतो. पण डॉक्टरीणबाईंनी दुसरीही बाजू सांगितली. शंभरातल्या पाच जणांचं उलटं होतं. हुकूम पकडायचे ते धागेच दुखावतात आणि मग ना नवी पेटी चालत, ना जुनी. कायमचं "अं... अं..."

"शनिवारी चार वाजता मी फोन करीन," त्या म्हणाल्या. "पेशंटनं स्वतःच्या तोंडानं हो म्हणायचं. नाही म्हटलं तर पुढच्याला बोलावू. मग दोन-तीन वर्षं नंबर नाही."

फोन ठेवला. तेजस्विनीनं विचारलं, "आण्णा, करायचं का ऑपरेशन?"

मालक म्हणाले, "हो."

चटका: शहाण्णव. अंदाज: लाल, रडका. शीतल: त्रेपन्न.

"बघितलंस?" तेजस्विनी म्हणाली. "त्यांना नकोय. तुझ्यासाठी हो म्हणायलेत. तुलाच हवंय ना, तुझ्या गोष्टींत मध्ये तोडणारं कुणीतरी!"

"शीतल त्रेपन्न दाखवतंय. म्हणजे खरं आहे."

"शीतल आमटीच्या वेळी पण त्रेपन्नच दाखवत होतं!"

"मग अंदाजला तरी काय कळतंय? ते फडक्याला हसतंय!"

"चटका बघ की मग!"

"चटका तर ते झोपलेले असताना पण ऐंशी दाखवतंय. झोपेत कुणाशी खोटं बोलायलेत?"

असं आमचं भांडण जुंपलं. एकीच्या हातात एक फोन, दुसरीच्या हातात दोन. आणि मध्ये मालक. दोघींतल्या एकीनंही त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही. त्यांनी डावा हात वर केला, गळ्यावरची पट्टी ओढून काढली, पेटी टेबलावर ठेवली. तिन्ही ॲपवर एकदम आकडे उतरायला लागले.

मग चार दिवस पट्टी लावून घेतली नाही. मी जवळ नेली की मान फिरवायचे. जेवायचे, पेपर बघायचे, खुर्चीत बसायचे. मुके. चार दिवसांत मला समजलं, पेटी यायच्या आधीचं दीड वर्ष कसं होतं ते मी विसरून गेले होते. मी गोष्टी सांगून बघितल्या. मुद्दाम वाढवून सांगितल्या. शेडात वीज पडली तेव्हा एकाच वेळी चारशे माग उलटे फिरून विणलेलं कापड परत सूत झालं, असं सुद्धा सांगितलं. त्यांनी वर बघितलं नाही.

शुक्रवारी म्हटलं, पेटी नको तर नको, शेडातल्या खुणा आहेत की. माग खडखडत असले की तिथं तोंडानं बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून सगळं हातवाऱ्यावर चालायचं. मी पण तिथंच सुताच्या कांड्या भरायला होते. आमचं निम्मं लग्न त्या हातवाऱ्यांवरच जमलंय. हात उजवीकडं झटकला म्हणजे माग चालू कर. डावीकडं झटकला म्हणजे बंद कर.

समोर बसले आणि विचारलं, "अहो, ऑपरेशनला जायचं का? खुणेनं सांगा."

त्यांनी डावा हात डावीकडं झटकला.

"बंद! नको म्हणायलेत," तेजस्विनीला मीच सांगितलं.

मग डोक्यात आलं. उजवा हात बाहेरच्या बाजूला झटकला की उजवीकडं जातो. डावा हात बाहेर झटकला की डावीकडं जाणार! म्हणजे ही ‘चालू’ची खूण झाली का? का ‘बंद’ची? मी परत विचारलं. त्यांनी परत तेच केलं, जरा रागानं. मी तिसऱ्यांदा विचारलं. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. पस्तीस वर्षांचा जॉबर आणि कांडीवाली, आणि एका ‘चालू-बंद’वर अडलो!

शनिवार उजाडला. सकाळी दहाला मी मुल्ला सरांना गाठलं. म्हटलं, "सर, तराजू खरा का खोटा हे बघायला काय करतात?"

"माहीत असलेलं वजन टाकून बघतात."

"मग माझं टाकू. मला पेटी लावा. मी खरं बोलते तेव्हा मला ठाऊक असतं आणि खोटं बोलते तेव्हा तर चांगलंच ठाऊक असतं."

सरांचा चेहरा शाळेतल्या पहिल्या नंबरासारखा उजळला. पेटीत पाहुण्यासाठी सोय असते म्हणे. तास-दीड तास मला एकेक वाक्य मनातल्या मनात म्हणायला लावलं. ओठ हलवायचा नाही. "गाय चारा खाते." "दार उघडं आहे." आधी नुसती खरखर, मग बाराच्या सुमारास पेटी बोलली. माझं वाक्य, पण मालकांच्या आवाजात! मालक खुर्चीत सरळ झाले. पेपर खाली आला.

तीन फोन टेबलावर मांडले.

"आधी खोटं बोला," सर म्हणाले.

मी मनात म्हटलं आणि पेटी मालकांच्या आवाजात ओरडली, "मी लग्नात हत्तीवर बसून आले. हत्तीला वाटेत भूक लागली, त्यानं मांडव खाल्ला."

चटका: अठ्ठेचाळीस.

सरांनी चष्मा पुसला. "अजून एक."

"माझ्या आजीनं पंचगंगेत मगर पाळली होती. तिला रोज वेणी घालायची."

चटका: सत्तेचाळीस. अंदाज तर एवढं हिरवं, एवढं हसरं, की मी लाजले.

"आई," तेजस्विनी म्हणाली, "तू खोटं बोलतेस तेव्हा पेटी गार होते?"

"खोटं मला अडत नाही गं. आपोआप येतं."

"आता खरं बोला, वहिनी."

मी बसले. आणि काही सुचेना. एवढं आयुष्य गेलं, खरं असं काय सांगावं? गाय चारा खाते हे खरं, पण ते वजन हलकं. मालक माझ्याकडं बघत होते. मी एक वाक्य मनात धरलं. चटका सत्तर. सोडलं. परत धरलं. ऐंशी. पेटी गप्प. नव्वद. छातीला चटका बसायला लागला. सर म्हणाले, "वहिनी, राहू दे." चौऱ्याण्णव. आणि मग मालकांच्याच आवाजात, सावकाश, भांडण काढल्यासारखं आलं, "तुम्ही... बोलत नाही... तर मला... घरात करमत नाही."

अठ्ठ्याण्णव, शंभर, आणि पेटी बंद पडली.

मालक हसायला लागले. अर्धा चेहरा हलतो त्यांचा, पण तेवढ्यानंच हसले. स्वतःचाच आवाज स्वतःला करमत नाही म्हणून सांगतोय, कुणाला हसू येणार नाही?

मुल्ला सर हळूच म्हणाले, "तेजू, म्हणून मी तेव्हा नाही म्हटलं होतं. ती खोट्यानं तापत नाही. तोंडात एकापेक्षा जास्त वाक्यं असली की तापते. ती सगळी खरी पण असू शकतात."

तिनं फोन खाली ठेवला. "मग सोमवारच्या हो बरोबर दुसरं काय होतं?"

"ते आकड्यात दिसत नाही," सर म्हणाले आणि चप्पल घालून गेले. शहाणा माणूस.

पेटी थंड व्हायला पाऊण तास. मग तेजस्विनीला ती परत मालकांच्या गळ्यासाठी लावायला दोन तास. साडेतीन वाजले. पट्टी जवळ नेली, त्यांनी मान फिरवली नाही. तेजस्विनी आत चहा करायला गेली. मी खुर्ची त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल एवढी पुढं घेतली.

"अहो, सोमवारी हो म्हणालात. आणखी काय म्हणायचं होतं? कितीही वेळ लागू दे. मी मध्ये बोलणार नाही."

आणि बोलले नाही. मी! दहा मिनिटं गप्प बसले. भिंतीवरचं घड्याळ पुढं सरकत होतं.

"जायचंय," पेटी म्हणाली.

मी थांबले.

"भीती वाटते."

मी थांबले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, तो पदरानं पुसला.

"जायचंय... आणि भीती वाटते. दोन्ही. तू... विचारतेस... एकच."

आणि त्याच वेळी माझी नजर टेबलावर गेली. शीतल: एकाहत्तर. चटका: एकाहत्तर. अंदाज: एकाहत्तर! एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिन्ही एका आकड्यावर आली होती. अंगावर काटा आला. म्हटलं, हेच ते, हेच खरं.

"मला पण दोन्ही आहे," मी म्हटलं. "बोलायला लागलात तर हवंच आहे मला. आणि काही झालं तर... तर हा आवाज पण जाईल. मी काय करू मग?"

"मग... तू बोल," ते म्हणाले. "मी... ऐकीन. नाहीतरी... तेच करतो."

चार वाजता फोन वाजला. तेजस्विनी दाराशी चहा घेऊन उभी होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पेटी थोडी घरघरली आणि मालकांनी सांगितलं, "हो. भीती वाटते, पण हो."

"भीती सगळ्यांनाच वाटते काका," त्या म्हणाल्या. "मी लिहून घेते."

त्याला आता दीड महिना झाला. हे सगळं मी तुम्हाला सांगत बसले होते, आणि एकाहत्तर म्हटलं तेवढ्यात मागच्या खोलीतून हाक आली होती. मी ऐकलं न ऐकल्यासारखं करून पुढं रेटलं. पण कानामागं तो तांदूळ बसल्यापासून हा माणूस सोडत नाही. परत ओरडायला लागलाय, तेही भांडण काढून: "शालन! कुठलं एकाहत्तर? बसायच्या आधी तूच तिन्ही फोन पालथे घातले होतेस की!"

बरं बाई. होते पालथे. एकाहत्तर मी घातलं. त्या वेळी आकडा किती होता मला ठाऊक नाही, मी त्यांच्याकडं बघत होते.